कोबाल्ट वाट पाहत नाही

२०२५च्या मे महिन्यात भारतातून गेलेल्या आंब्याच्या पंधरा खेपा अमेरिकेने विमानतळांवरच अडवल्या. फळात खोट नव्हती, विकिरणाचे कागद नडले. माल परत आणणं परवडेना, म्हणून निर्यातदारांनी तो तिथेच नष्ट केला. ही बातमी आम्हा निफाड तालुक्यातल्या लोकांना जास्तच लागली, कारण आंब्याची ही अमेरिकेची वाट आमच्या लासलगावातून सुरू झाली होती.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगून होतो. १९५६ला ट्रॉम्बेत अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, १९६०ला सायरस. पुढची चाळीसेक वर्षं आमच्याकडे अणूचा विषय निघे तो बॉम्बपुरता, नाहीतर विजेपुरता. कॅन्सरच्या पेशंटला मुंबईत 'शेक' देतात हे घरोघर माहीत होतं. त्या शेकामागे कोबाल्टसारखं किरणोत्सारी मूलद्रव्य असतं, हे मात्र कुणी समजावून सांगितलं नाही.

मग २००२ साल आलं आणि भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र लासलगावात उभं राहिलं. आत जाड काँक्रीटच्या भिंती, त्यांच्याआड कोबाल्ट-६०च्या कांड्या. कांड्या वर उचलायच्या आणि माल त्यांच्यासमोरून फिरवायचा. गामा किरण मालातून आरपार जातात, कांदा किरणोत्सारी होत नाही. अगदी थोड्या मात्रेत कांद्याच्या गाभ्यातला वाढीचा डोळा मरतो आणि कोंब फुटत नाही. असा कांदा काही महिन्यांनी उभा चिरला तर मधोमध तपकिरी ठिपका दिसतो. तो ठिपका पाहून लोक 'औषध मारलेला कांदा' म्हणत. ते औषध नव्हतं, हे बाजार समितीच्या ओट्यावर उभं राहून सांगायला एकही अधिकारी आला नाही. हा राग माझ्या मनात अजून आहे.

२००७ला मात्र ऊर भरून आला. कोयीतल्या भुंग्याच्या भीतीने जवळपास दोन दशकं बंद असलेलं अमेरिकेचं दार हापूस-केसरला उघडलं, आणि तो आंबा आधी लासलगावला आला. ४०० ग्रेची मात्रा दिली की किडीची पुढची पिढी निपजत नाही, फळ मात्र ताजंच राहतं. कांद्याच्या गावातून कोकणचा आंबा सातासमुद्रापार गेला.

पुढे सगळं फिसकटलं. २०१०मध्ये दिल्लीतल्या एका विद्यापीठाने वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्टचं यंत्र भंगारात काढलं. मायापुरीच्या भंगारवाल्यांनी ते फोडलं, अनेक जण भाजले, एक जण गेला. २०११ला फुकुशिमा झालं. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाचा वाद पेटलेलाच होता. तिथल्या लोकांची भीती खरी होती आणि तिला नीट उत्तर मिळायला हवं होतं. पण त्या धुरळ्यात वीज, बॉम्ब, औषध, कांदा सगळं एकाच माळेत ओवलं गेलं. ज्यांना फरक माहीत होता, ते ट्रॉम्बेच्या कुंपणाआड गप्प बसले. मायापुरीत जीव घेतला तो बेफिकिरीने, आणि ती बेफिकिरी शिकल्यासवरल्यांची होती.

आज उन्हाळ कांदा पुन्हा चाळीतच आहे. पावसाळा लागला की वजन घटतं, कोंब फुटतात, सड लागते. विकिरणाने फक्त कोंब थांबतो. बाकीच्यासाठी काढणीनंतर वेळेत सुकवून निवडलेला माल हवा आणि पुढे थंड साठवण हवी. ही साखळी शेतकऱ्याच्या आवाक्यात कुणी आणलीच नाही. केंद्राचं उद्घाटन झालं, फोटो निघाले, शीतगृहाचा विषय मागे पडला.

कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. वापरला तरी घटतो, नुसता ठेवला तरी घटतो. २००२ची एखादी कांडी आज विसाव्या हिश्श्यावर आली असेल. नवी कांडी सरकार आणू शकतं, पण सडलेल्या कांद्याचे पैसे शेतकऱ्याला कोण देणार? म्हणून मागणी साधी आहे : विकिरण केंद्राला लागून शीतगृह द्या, काढणीच्या दिवसांत ते शेतकऱ्याच्या मालासाठी राखून ठेवा, आणि कागद सांभाळायला जबाबदार माणूस नेमा. विज्ञानाने आपलं काम वीस वर्षांपूर्वीच केलं आहे.