वडिलांचे घड्याळ : निगा, दुरुस्ती आणि थोडी सावधगिरी

दिवाळी पाडव्यापूर्वी आईने बँकेच्या लॉकरमधून वडिलांचे मनगटी घड्याळ काढून आणले. नातू या पाडव्याला प्रथमच पेढीवर बसणार होता. त्या दिवशी आजोबांचे घड्याळ त्याच्या मनगटावर असावे, एवढीच तिची इच्छा. १९६८ साली वडील पेढीवर बसले तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना दिलेले हे किल्लीचे स्विस घड्याळ. गेली १४ वर्षे ते मखमली डबीत पडून होते. किल्ली देताच टिकटिक सुरू झाली आणि घरात आनंद झाला. “चालते आहे, मग सर्व्हिसिंगचा खर्च कशाला?” असे धाकट्या बंधूंनी विचारलेही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो घड्याळ ४० मिनिटे मागे!

चालणारे घड्याळ निरोगी असतेच असे नाही. गल्ल्यात रोज पैसे येतात म्हणून पेढी नफ्यात आहे असे आपण मानीत नाही. वर्षअखेरीस ताळेबंद मांडूनच निर्णय करतो. यांत्रिक घड्याळाचेही तसेच आहे.

या घड्याळात बॅटरी नसते. किल्ली दिल्याने मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते आणि ती उलगडताना दंतचक्रांच्या मालिकेला बळ देते. हे बळ एकदम सुटू नये म्हणून ‘एस्केपमेंट’ नावाची यंत्रणा ते थोडे थोडे सोडते. किती वेगाने सोडायचे ते बॅलन्सचाक ठरविते. त्याला केसासारखी बारीक सर्पिल स्प्रिंग जोडलेली असते. तिला हेअरस्प्रिंग म्हणतात. १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी अशी स्प्रिंग लावलेल्या घड्याळाची रचना प्रसिद्ध केली आणि खिशातील घड्याळावर विश्वास ठेवण्याजोगी स्थिती आली.

आमच्या घड्याळाचे बॅलन्सचाक सेकंदाला ५ ठोके देते. म्हणजे दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला सुमारे १५ कोटी ७७ लाख. आजची अनेक घड्याळे सेकंदाला ८ ठोके देतात. इतकी हालचाल ज्या आसांवर होते त्यांची टोके अत्यंत बारीक असतात. ती कृत्रिम माणकांच्या छिद्रांत फिरतात. तबकडीवर लिहिलेले ‘१७ ज्वेल्स’ ती हीच माणके. प्रत्येक ठिकाणी तेलाचा अतिसूक्ष्म थेंब असतो. काळाच्या ओघात तेल सुकते, पसरते किंवा घट्ट होते. त्यानंतरही घड्याळ काही काळ चालते. पण पोलाद कोरडे घासले जाते, त्याचा बारीक चुरा उरलेल्या तेलात मिसळतो आणि आसाची टोके झिजू लागतात. बाहेरून यातले काहीच दिसत नाही. म्हणूनच निरनिराळ्या कंपन्या साधारणपणे ५ ते १० वर्षांनी पूर्ण सर्व्हिसिंगचा सल्ला देतात. लॉकरमध्ये ठेवले तरी तेलाचे वय वाढतच असते.

पूर्ण सर्व्हिसिंग म्हणजे झाकण उघडून तेल सोडणे नव्हे. साध्या किल्लीच्या घड्याळातही शंभराहून अधिक भाग असतात. ते सर्व सुटे केले जातात, विशेष द्रावणांत यंत्राने धुतले जातात, वाळवून भिंगाखाली तपासले जातात. झिजलेले भाग व बहुधा मुख्य स्प्रिंगही बदलतात. मग जुळणी करताना जागेनुसार वेगवेगळे वंगण लागते: मुख्य स्प्रिंगच्या पेटीत दाट, बॅलन्सच्या माणकांत अगदी पातळ. थेंब कमी पडला तर झीज होते आणि जास्त पडला तर तो पसरून निघून जातो. आपल्या घरांत एक प्रश्न साहजिकच विचारला जातो, म्हणून येथेच सांगतो. एके काळी घड्याळाचे उत्तम तेल सागरी सस्तन प्राण्यांच्या जबड्यातील चरबीपासून काढीत. आज चांगले कारागीर मुख्यतः कृत्रिम तेले वापरतात आणि ती अधिक टिकतात.

यानंतरचे काम म्हणजे वेळेचे नियमन. घड्याळ एका लहान यंत्रावर ठेवतात. ते ठोके ऐकून रोजचा फरक, दोन ठोक्यांतील समतोल आणि बॅलन्सचाकाचा झोका किती अंशांचा आहे हे दाखविते. पूर्ण किल्ली दिलेले व तबकडी वर करून आडवे ठेवलेले निरोगी घड्याळ साधारण २७० ते ३०० अंशांचा झोका देते; तो फार कमी असेल तर आत मळ, सुकलेले तेल किंवा थकलेली स्प्रिंग असण्याचा संभव असतो. ही मोजणी तबकडी वर, तबकडी खाली, किल्ली डावीकडे अशा वेगवेगळ्या स्थितींत करावी लागते, कारण गुरुत्वाकर्षणामुळे प्रत्येक स्थितीत गती थोडी बदलते. मग हेअरस्प्रिंगची कार्यकारी लांबी किंचित कमी-अधिक करून फरक काढतात. काही उंची घड्याळांत त्याऐवजी बॅलन्सचाकावरील सूक्ष्म वजने फिरवितात.

तरीही पूर्ण अचूकतेची अपेक्षा करू नये. स्वित्झर्लंडमधील अधिकृत क्रोनोमीटर परीक्षण संस्था, सीओएससी, घड्याळाची यंत्रणा १५ दिवस, ५ स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सियस तापमानांत तपासते. तेथे उत्तीर्ण होण्यासाठीही रोजचा सरासरी फरक ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतका चालतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यांत ५ सेकंदांचा फरक म्हणजे लाख रुपयांच्या उलाढालीत ६ रुपयांचीही चूक नव्हे.

आता आमच्या हातून घडलेली चूक. सुमारे २० वर्षांपूर्वी, वडील हयात असताना, मी हेच घड्याळ एका दुकानात दिले आणि ‘नव्यासारखे करून द्या’ एवढेच सांगितले. ते खरोखरच चकचकीत होऊन आले. मात्र मागील झाकणावर आजोबांनी कोरून घेतलेली तारीख व दोन ओळी पॉलिशमध्ये घासून गेल्या होत्या. वडील मला काही बोलले नाहीत. झाकणावरून अंगठा फिरवीत ते थोडा वेळ बसले आणि त्यांनी घड्याळ मनगटावर बांधले.

पॉलिश म्हणजे धातूचा थर काढणे. गेलेला धातू परत येत नाही. जुन्या तबकडीला नवा रंग देण्याचेही तेच. म्हणून घड्याळ देताना काय करावे याच्या आधी काय करू नये ते लिहून द्यावे. खर्चाचा लेखी अंदाज घ्यावा, कोणते भाग बदलणार ते विचारावे, काढलेले जुने भाग परत मागावेत आणि देण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत.

रोजची निगा सोपी आहे. किल्लीचे घड्याळ रोज ठरावीक वेळी, शक्यतो मनगटावरून काढून, भरावे व अडथळा जाणवताच थांबावे. तारखेच्या घड्याळात रात्री ९ ते पहाटे ३ या वेळेत तारीख हाताने बदलू नये. त्या वेळी तारखेची चक्रे गुंतलेली असतात. तबकडीवर ३० मीटर लिहिले असले तरी त्याचा अर्थ पाण्याच्या शिंतोड्यांपुरते संरक्षण असाच घ्यावा, कारण रबरी कड्या काळाने कडक होतात. स्पीकर, पर्सचे चुंबकी बटण, टॅबलेटचे आवरण यांपासून घड्याळ दूर ठेवावे. चुंबकत्वाने हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की घड्याळ एकाएकी खूप पुढे धावू लागते. पण जाणकाराकडे ते काही क्षणांत उतरविता येते. कातड्याचा पट्टा नको असल्यास धातूचा किंवा कापडी पट्टा सहज मिळतो. घाम व धूळ मऊ कापडाने पुसावी.

या वेळी आम्ही घड्याळ एका वयस्कर घड्याळजींकडे दिले. मागील झाकण पुन्हा कोरून घेऊ का, असे मी त्यांना विचारले. अक्षरे पुन्हा येतील, पण ती तुमच्या आजोबांनी कोरून घेतलेली नसतील, असे ते म्हणाले. झाकण तसेच ठेवले. आता डबीत एक लहान वही आहे. तिच्या पहिल्या पानावर आईने आठवणीतून ती तारीख व त्या दोन ओळी लिहिल्या आहेत. त्याखाली या सर्व्हिसिंगची तारीख, बदललेल्या भागांची नावे आणि रोजचा फरक, ७ सेकंद पुढे, अशी नोंद आहे. पुढच्या नोंदी चिरंजीव करतील. पाडव्यापासून तो रोज सकाळी पेढी उघडल्यावर आधी घड्याळाला किल्ली देतो आणि मग रोजमेळ उघडतो.