शाळा एक महिना, पुस्तक दोन लाख अक्षरांचं!

समजा, तुम्हाला एक अर्ज लिहायचाय. आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा अर्ज. आणि लिहिता मात्र एकच अक्षर येतं, ‘मी’. काय कराल? शेजारच्याकडून लिहून घ्याल?

चीनमधल्या एका सैनिकाने चित्रं काढली. त्याचं नाव गाओ युबाओ. साल १९४८. त्याला कम्युनिस्ट पक्षात प्रवेश हवा होता. ‘मला मनापासून पक्षात यायचंय’ एवढं सांगायला आठ चिन्हं लागत होती. त्याने ‘मी’ लिहिलं आणि पुढे अळी, हृदय, डोळा, नासपती, मासा, घंटा अशी चित्रं काढली. आपण ‘पाठ’ हा धड्याचा शब्द लिहिता येत नाही म्हणून माणसाची पाठ काढावी, तसा हा प्रकार. उच्चार जवळपास सारखा असला की झालं! अर्ज वाचणाऱ्यांना अर्थ कळला आणि गाओला प्रवेशही मिळाला.

गाओचा जन्म १९२७ चा, ईशान्य चीनमधल्या लियाओनिंग प्रांतातला. घरात अठरा विश्वं दारिद्र्य. शाळा मिळाली ती जेमतेम महिनाभर. मग जमीनदाराची डुकरं राखायची आणि पडेल ते काम करायचं. १९४७ मध्ये तो माओंच्या मुक्तिसेनेत दाखल झाला. यादवी युद्ध ऐन भरात होतं. लढायचं, चालायचं आणि मधल्या वेळात सोबत्यांना विचारून एकेक अक्षर शिकायचं, असा त्याचा अभ्यास चालायचा.

ऑगस्ट १९४९ मध्ये, सैन्य दक्षिणेकडे कूच करत असताना, या पठ्ठ्याने थेट आत्मचरित्रच लिहायला घेतलं. आपल्यासारखी बाराखडी चिनी भाषेत नाही. जवळजवळ प्रत्येक शब्दासाठी वेगळी चिन्हं घोकावी लागतात. जे येत नव्हतं तिथे त्याने पुन्हा चित्रं काढली. १९५१ च्या सुरुवातीला दोन लाखांहून जास्त अक्षरांचं बाड तयार झालं. सैन्यातल्या जाणत्या लेखकाने त्यावर बराच हात फिरवला आणि १९५५ मध्ये ‘गाओ युबाओ’ पुस्तकरूपात आलं. पुढे हाच गडी पेइचिंगच्या रेनमिन विद्यापीठातून पत्रकारिता शिकून बाहेर पडला.

इथपर्यंत गोष्ट प्रेरणादायी आहे. पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे.

या पुस्तकातलं एक प्रकरण चीनच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी शाळेत वाचलं. त्यात झोऊ नावाचा जमीनदार मध्यरात्री खुराड्यापाशी जाऊन स्वतःच कोंबड्यासारखा आरवतो. मग खरे कोंबडे आरवतात आणि बिचारे गडी पहाट झाली समजून शेतावर जातात. शेवटी गडी त्याला चोर समजल्याचं सोंग करून बदडून काढतात. १९६४ मध्ये त्यावर बाहुल्यांचा चित्रपटही निघाला. ‘कातडी सोलणारा झोऊ’ हे नाव चीनमध्ये आजही पिळून घेणाऱ्या मालकासाठी वापरतात.

पुढे लोक प्रश्न विचारू लागले. मिट्ट काळोखात शेतात काम तरी काय होणार? मग मालकाचा फायदा कसला? झोऊच्या एका वंशजाने तर पुस्तक लिहून हे घडलंच नसल्याचा दावा केला. गाओ शेवटपर्यंत आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. २०१९ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी ते गेले.

मग गाओंना हिरो म्हणायचं की नाही? उत्तराची घाई नको. अक्षर येत नाही म्हणून गप्प न बसणारा तो पोरगा खराच होता. आणि ज्या घराला कागदावर उत्तर द्यायची संधी कित्येक वर्षं मिळाली नाही, तेही खरंच होतं. क्रांतीला खलनायक हवा होता आणि तो एका प्रकरणात आयता सापडला.

आपल्या हातात तर आज सगळी अक्षरं आहेत, वर इमोजीही! तेव्हा ‘मला नीट लिहिता येत नाही’ ही सबब सोडा आणि आपलं जगणं आपणच लिहा. फक्त लिहिताना कुणाचं खरं नाव आलं, तर त्याचीही बाजू एकदा ऐकून घ्या. ती तुमच्या गोष्टीइतकीच लांब असू शकते.