व्यवस्थापन संस्थांची चाळणी

आमच्या महाविद्यालयातली शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी परवा विचारत होती, "सर, मॅनेजमेंटला वशिला लागतो म्हणे?" तिचे वडील हमाल आहेत. मी म्हणालो, अगं, वशिला नाही लागत. पण चाळणी कशी हलते हे माहीत असावे लागते. प्रस्थापितांच्या घरात ही माहिती जेवताना मिळते. आपल्या मुलांना ती कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

१९६१ साली स्थापन झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचेच उदाहरण घेऊ. पहिली पायरी 'कॅट' परीक्षा. तिच्यासाठी पदवीला ५० टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ४५. इंग्रजी आकलन, तर्क व माहितीचे विश्लेषण आणि गणित असे तीन विभाग. प्रत्येकाला ४० मिनिटे. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ वजा. जिथे उत्तर स्वतः भरायचे तिथे वजाबाकी नाही. निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरातल्या नव्वदांच्या पुढे. एकूण गुण निम्म्याहून कमी असले तरी. आपली मुले पेपर अवघड गेला म्हणून आधीच खचतात, ती इथे.

खरी मेख पुढे आहे. मुलाखतीला बोलावताना कॅटच्या जोडीला दहावी, बारावी, पदवीचे गुण आणि नोकरीचा अनुभवही मोजतात. या मुलीला दहावीला ५८ टक्के. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती, घर हिच्यावर होते. पंधराव्या वर्षीचा तो आकडा एकविसाव्या वर्षी पुन्हा तिच्यापुढे येऊन बसतो, आणि त्याला गुणवत्ता म्हणायचे!

मग लेखनकसोटी आणि मुलाखत. मुलाखतीचे वजन मोठे. मला एका नोकरीच्या मुलाखतीत वडिलांचा धंदा विचारला होता. "शेतमजुरी" म्हणालो, पुढे कुणी काही विचारलेच नाही. म्हणून मुलांकडून मी बोलण्याचा सराव करून घेतो.

जागा अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना ७.५, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के, तेही २००६ च्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्यता दिल्यावर. पण या जागेसाठी अर्ज भरतानाच जातीचा दाखला जोडावा लागतो. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुटतात, परीक्षा नोव्हेंबरअखेर. अनुसूचित जाती-जमातींना शुल्क निम्मे.

तिचा दाखला प्रांत कार्यालयात अडकला आहे. सोमवारी आम्ही दोघे जाणार आहोत.