जॅकवरची गाडी आणि तिच्याखालचा माणूस

पाऊस सरला की नेरळ, ममदापूर, दामत इथल्या अंगणांत गाड्या जॅकवर चढू लागतात. चार महिने चिखल खाल्लेली गाडी ब्रेक लावताना कुरकुरते, सायलेन्सरला गंज धरलेला असतो, चाकाच्या आत माती थापलेली असते. यातली बरीच कामं घरी होण्यासारखी आहेत आणि ती जरूर करावीत. गाडी उचलण्याबद्दलच्या काही समजुती मात्र जिवावर बेतणाऱ्या आहेत.

त्यातली पहिली म्हणजे, ‘जॅक दोन टनांचा आहे, आठशे किलोच्या गाडीला भरपूर झाला.’ जॅकवरचा आकडा तो किती वजन उचलेल हे सांगतो. गाडी बाजूला सरकली, तर जॅक उभा राहील की नाही, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. डिकीतल्या कैची जॅकची बैठक जेमतेम तळहाताएवढी असते. गाडी जरा ढकलली गेली तरी तो कलंडतो. तेलावर चालणारा बाटली जॅक ताकदवान खरा, पण आतलं सील गळू लागलं की तो खाली बसतो, आणि वर चढवताना याची काहीच कल्पना येत नाही. म्हणूनच गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं की हा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे, गाडीखाली शिरण्यासाठी नाही. खाली जायचं असेल तर गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवायलाच हवी. काम दोन मिनिटांचं असलं तरी.

‘हँडब्रेक ओढलाय, गाडी गिअरमध्ये आहे, मग चाकाला दगड कशाला?’ हा गैरसमज नेरळमध्ये विशेष धोक्याचा आहे, कारण माथेरानच्या दस्तुरीपर्यंत प्रवासी नेणाऱ्या ओम्नी आणि ईको या गाड्यांची मागची चाकं इंजिनावर फिरतात. हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. म्हणजे गाडी धरून ठेवणाऱ्या दोन्ही गोष्टी मागच्या दोन चाकांवरच अवलंबून. आता मागचं एक चाक उचला. वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावं म्हणून त्यांच्यामध्ये डिफरन्शियल असतो. त्यामुळे गिअर अडकलेला असूनही हवेतलं चाक उलटं फिरू शकतं आणि जमिनीवरचं पुढे सरकू शकतं. हँडब्रेक उरतो तो जमिनीवरच्या एकाच चाकापुरता. मागची दोन्ही चाकं उचलली, तर गाडीला अडवणारं काहीच शिल्लक राहत नाही. अल्टो, वॅगनआरचं उलट आहे. त्यांची पुढची चाकं इंजिनावर फिरतात, त्यामुळे पुढचं चाक उचललं की गिअरचा आधार जातो आणि सगळी भिस्त हँडब्रेकवर येते. गाडी कोणतीही असो, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचर लावायची. गोल गोटा चालत नाही, तो चाकासोबत गडगडतो.

मग जमीन. अंगण सपाट दिसतं, म्हणून ते भार पेलेल असं आपण धरून चालतो. हिशेब मांडून पाहा: टायरमधली हवा साधारण ३० पौंडांची, म्हणजे टायर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो दाब देतो. जॅकची बैठक ८० चौरस सेंटिमीटर आणि त्यावर ३०० किलो भार असेल, तर तोच दाब जवळजवळ ४ किलो होतो. ज्या मुरमावर गाडी महिनोन्‌महिने निवांत उभी आहे, त्याच मुरमात जॅक रुतू शकतो, आणि इथल्या पावसानंतर वरून कोरडी दिसणारी माती आतून ओली असते. जॅकखाली ३० बाय ३० सेंटिमीटरची जाड, न वाकणारी फळी ठेवली तर दाब अर्ध्या किलोच्याही खाली येतो. घोडीखालीही तशीच फळी हवी. पेव्हर ब्लॉकवर तर विशेष सांभाळून, कारण खालची कच पाण्याने वाहून गेलेली असेल तर एखादा ब्लॉक एका कडेने खचतो.

घोडी नाही म्हणून विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक किंवा जांभ्याचा चिरा रचणारे पुष्कळ आहेत. भिंतीत विटेवर भार सगळीकडून सारखा पडतो. गाडीच्या पत्र्याची कड मात्र एका रेषेत टोचते, आणि वीट वाकून इशारा देत नाही, एकदम फुटते. हे कधीच करू नये. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवणं चांगली सवय आहे, पण ती घोडी असतानाची जोड आहे.

माथेरानच्या घाटात, जुम्मापट्टीच्या चढावर पंक्चर झालं तर? टायरचा मोह सोडा आणि गाडी सपाट जागेपर्यंत हळूहळू न्या. टायर वाया जाईल, जाऊ द्या.

जॅक कुठे लावायचा हेही पुस्तिकेत दिलेलं असतं. बहुतेक लहान गाड्यांत चाकाजवळ खालच्या पत्र्याच्या कडेला खाचा असतात, त्यांच्या मधोमध. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे आणि शेवटी जमिनीवर आल्यावरच समोरासमोरच्या क्रमाने घट्ट करायचे. पान्याला दिलेला जोराचा हिसका जॅकवरच्या गाडीला पाडू शकतो. गाडी घोड्यांवर टेकली की खाली शिरण्याआधी बाजूला उभं राहून तिला हाताने चांगलं हलवून पाहा. डुलली, तर पुन्हा उतरवा आणि पहिल्यापासून मांडा.