जुन्या गाडीच्या स्टिरिओला मोबाइलची जोड : मिस्त्रींसाठी हातचे काम

पावसाळ्यात गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की पवनीच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. वैनगंगेवरील या धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. त्या काळी गाडीत कॅसेट प्लेअर असणे ही चैन होती. आज धरणावर येणाऱ्या गाड्यांत पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडीही दिसते. तिचे इंजिन ठणठणीत असते, कंपनीचा स्टिरिओही चालू असतो. मात्र घरात कॅसेट उरलेली नाही आणि सीडी खरचटलेल्या आहेत. सगळी गाणी, नात, कव्वाली, बयान मोबाइलमध्ये.

असा गिऱ्हाईक दुकानात आला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "जुना काढून टाका, नवा बसवा." ज्या गाडीत १८० बाय ५० मिलिमीटरचा साधा चौकोनी खाचा आहे, तिथे हे ठीक आहे. पण २००० नंतरच्या बऱ्याच गाड्यांत स्टिरिओचा दर्शनी भाग डॅशबोर्डच्या आकारातच घडवलेला असतो. तो काढला की भोक उरते, वर प्लास्टिकची चौकट घ्यावी लागते आणि विकताना गाडीची किंमत पडते. शिवाय सोल्डरिंगचा हात असलेल्या कारागिराला या व्यवहारात काय मिळते? डबा विकल्याचे कमिशन. ज्या बांधवांनी टेपरेकॉर्डर दुरुस्तीवर घर चालवले, त्यांच्या हातचे काम अशाने जाते. म्हणून कंपनीच्या स्टिरिओतच मोबाइलची सोय कशी करावी, याची माहिती येथे देत आहोत.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे कॅसेटच्या आकाराचा अडॅप्टर. त्यातील छोटे चुंबकीय हेड प्लेअरच्या हेडला लागून बसते. कॅसेटची यंत्रणा धड असेल तर आवाज चांगला येतो. दुसरा उपाय लायटरच्या सॉकेटमध्ये खोचण्याचा एफएम ट्रान्समीटर. गोसीखुर्दच्या बाजूला रेडिओ केंद्रे थोडी, त्यामुळे मोकळी जागा चटकन सापडते. तीच गाडी नागपुरात शिरली की खरखर सुरू होते, कारण त्या फ्रिक्वेन्सीच्या जवळपास एखादे केंद्र बोलत असते. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगावे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो माल परत घेऊन येतो.

सीडी चेंजरचे सॉकेट मागे असेल तर त्या मॉडेलची ऑक्स लीड मिळते का, हे प्रथम पाहावे. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा लॅमिंग्टन रोडवर अशा वस्तूंची चौकशी करता येते. लीड मिळाली तर सोल्डरिंगची गरजच नाही.

खरे कसब आतील जोडणीत आहे. टेपच्या हेडवरून येणारा सिग्नल एक मिलिव्होल्टच्याही आत असतो, मोबाइलचा त्याच्या शेकडो पट. म्हणून मोबाइलची तार हेडला कधीच जोडू नये, आवाज फाटतो. ती प्रीअँपच्या पुढे, व्हॉल्यूम कंट्रोलच्या इनपुटला द्यावी. जुन्या गोल बटणाच्या स्टिरिओत डाव्या-उजव्या बाजूचे मिळून सहा पाय असतात. स्क्रूड्रायव्हरचे टोक पायाला लावून गुणगुण ऐकण्याची आपल्या उस्तादांची पद्धत इथेही उपयोगी पडते. डीसी अडवण्यासाठी प्रत्येक तारेत एकेक कपॅसिटर टाकावा. स्विच असलेला जॅक वापरला तर पिन घातल्यावर टेपचा मार्ग आपोआप तुटतो. बटणांनी आवाज कमी-जास्त होणाऱ्या स्टिरिओत मात्र हे काम आयसीकडे असते, तेथे डेटाशीट पाहिल्याशिवाय हात घालू नये. सीडीच्या मार्गावर जोडणी केली तर स्टिरिओ सीडी मोडमध्ये राहायला हवा, त्यासाठी आत नि:शब्द ट्रॅकची सीडी चालू ठेवतात. युक्ती गावठी वाटेल, पण चालते.

हल्ली मोबाइलला जॅकच नसतो, म्हणून ब्लूटूथ बोर्ड आतच बसवण्याची मागणी असते. बोर्डाला ५ व्होल्ट लागतात आणि इंजिन चालू असताना गाडीचा पुरवठा १४ व्होल्टच्या आसपास असतो. ७८०५ वापरला तर उरलेल्या ९ व्होल्टची उष्णता होते. ०.३ अँपिअरला हिशेब २.७ वॉटचा येतो, हीटसिंक नसेल तर भाजेल. त्यापेक्षा छोटा बक कन्व्हर्टर बरा. पुरवठा लाल, म्हणजे चावीच्या तारेवरून फ्यूज टाकून घ्यावा. कारखान्याच्या वायरिंगमध्ये रंग वेगळे असू शकतात, म्हणून मीटर लावूनच खात्री करावी. पिवळी तार कायम चालू असते. माझ्या गाडीत एका दुकानदाराने बोर्ड पिवळ्या तारेवर टाकला, गाडी चार दिवस उभी राहिली आणि बॅटरी बसली. वर "बॅटरीच जुनी होती" असे त्याने मलाच ऐकवले!

यानंतरची तक्रार सिटीची. अॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो, तर तो अल्टरनेटरचा आवाज समजावा. बहुतेक वेळा दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे तो येतो. मोबाइल चार्जरचा पिन काढून पाहावा. सिटी गेली तर ऑडिओच्या मार्गात आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकावा, नाहीतर बोर्डाला आयसोलेटेड पुरवठा द्यावा.

काही खबरदारी मात्र सोडू नये. अनेक स्टिरिओंत स्पीकरची उणे तार गाडीच्या बॉडीशी जोडायची नसते, जोडली तर आयसी जळतो. बॅटरी काढण्यापूर्वी स्टिरिओचा कोड गिऱ्हाईकाकडे आहे का ते विचारावे, नाहीतर काम होऊनही डबा मुका राहतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावू नये.

मजुरी किती घ्यावी? सुटे भाग स्वस्त आहेत, पैसे उघडण्या-बसवण्याच्या वेळेचे आहेत. तासांचा हिशेब आधी सांगावा आणि स्टिरिओ पूर्वी कोणी उघडला असेल तर हमी देऊ नये. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षे झालेल्या खासगी कारच्या पुनर्नोंदणीची फी ६०० वरून ५००० रुपये झाली. एवढे भरून गाडी ठेवणारा मालक तिच्यावर जीव लावणारा असतो, असा माझा अनुभव आहे. चांगल्या कामाला तो घासाघीस करत नाही.

गाडी ताब्यात देण्यापूर्वी इंजिन, दिवे, वायपर आणि पंखा सगळे एकदम चालू करून आवाज ऐकावा. नंतर खडबडीत रस्त्यावर एक चक्कर मारावी, कारण कच्चे सोल्डरिंग तिथेच बोलते.