आठ आकड्यांवरून नववा

डोंबिवली पूर्वेच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. निवृत्तीनंतर त्यांनी घरात नेटवर्क स्ट्रीमर घेतला. आयुष्यभर जमवलेल्या शास्त्रीय संगीताच्या सीडी मुलाने 'फ्लॅक' फाइलींमध्ये उतरवून दिल्या. आता एका विक्रेत्याने त्यांना सांगितले आहे, की राउटरपासून स्ट्रीमरपर्यंत अठरा हजारांची खास लॅन केबल टाकल्याशिवाय तानपुरा 'खुलणार' नाही. घ्यावी का, असा त्यांचा प्रश्न आहे. पत्राच्या शेवटी आणखी एक शंका जोडली आहे: फ्लॅकमध्ये फाइल जवळपास निम्मी होते आणि तरी काहीच गळत नाही म्हणतात, हे कसे?

केबल घेऊ नका. यात 'पण' नाही. गाणे वाजत असताना राउटरकडची केबल सरळ उपटून पाहा. बहुतेक स्ट्रीमरवर गाणे पुढे काही सेकंद, काहींवर त्याहूनही जास्त वेळ, तसेच चालू राहते. त्या सेकंदांत केबल जोडलेलीच नाही, मग तिचा 'सूर' आला कुठून? आपल्याकडच्या सोसायट्यांत पाणी येते रात्री-अपरात्री, कधी जोरात, कधी करंगळीएवढे. पण गच्चीवरची टाकी भरलेली असली की सकाळी नळाची धार एकसारखी पडते. स्ट्रीमरमधला बफर म्हणजे ही टाकी. गाण्याचे आकडे नेटवर्कवरून तुकड्यातुकड्यांनी, पुढेमागे होत येतात. प्रत्येक तुकड्यासोबत पडताळणीचा आकडा असतो. तुकडा बिघडला तर तो टाकून देतात आणि पुन्हा मागवतात. टाकीतून ते बाहेर काढण्याचा ठेका धरतो तो स्ट्रीमरमधलाच क्वार्ट्झचा स्फटिक. केबलमधून विजेचा गोंगाट शिरतो, हा विक्रेत्यांचा दुसरा दावा. त्यावर एवढेच, की लॅनच्या प्रत्येक जोडणीत इवलासा ट्रान्सफॉर्मर असतो आणि दोन्ही बाजूंच्या विजेला एकमेकींपासून दूर ठेवण्यासाठीच तो बसवलेला असतो.

साधी केबल मात्र जरूर टाका. कल्याण-डोंबिवलीच्या दाट इमारतींत मोबाइलवर वायफायची यादी उघडली, की वरच्या, खालच्या आणि समोरच्या बिल्डिंगमधली नावे रांगेने दिसतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: 1, 6 आणि 11. त्या तिघांत ही सगळी घरे दाटीवाटीने बसतात. गाणे मध्येच अडखळते ते यामुळे. दोन-तीनशे रुपयांची कुठलीही नीट बनवलेली केबल शंभर मीटरपर्यंत हे काम चोख करते. सीडीच्या दर्जाच्या संगीताला सेकंदाला 14 लाख 11 हजार बिट लागतात. शंभर मेगाबिटच्या जोडणीत हा दीड टक्काही नाही.

आता त्यांची दुसरी शंका. खरे सांगायचे तर या लेखाला बसलो तो तिच्यासाठीच.

सीडीवर दर सेकंदाला 44,100 वेळा ध्वनिलहरीची उंची मोजून आकड्यात लिहिलेली असते, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळी. तासाभराच्या ख्यालाचे असे 31 कोटी 75 लाख आकडे होतात. पण हे आकडे मनमानी नसतात. समजा, लागोपाठ दोन आकडे 5200 आणि 5600 आहेत. लहर चढते आहे, तेव्हा पुढचा 6000 च्या आसपास असणार, असे शाळकरी मूलही सांगेल. प्रत्यक्षात निघाला 5973. मग 5973 लिहायचे कशाला? 'उणे 27' एवढेच लिहा. वाजवणाऱ्या यंत्राला तोच नियम माहीत असतो. ते स्वतः 6000 चा अंदाज काढते, त्यातून 27 वजा करते आणि मूळ आकडा हुबेहूब परत मिळवते. मोठ्या आकड्यांच्या जागी छोट्या चुका लिहिल्या, म्हणून फाइल घटली; गेले काहीच नाही. फ्लॅकची नेहमीची मांडणी 4096 आकड्यांचा, म्हणजे सेकंदाच्या अकराव्या हिश्शाएवढा तुकडा घेते आणि मागच्या आठ आकड्यांवरून नववा ओळखण्याचा त्या तुकड्यापुरता सर्वांत चांगला नियम शोधते. उरलेल्या चुका आखूड खुणांत लिहायची युक्ती रॉबर्ट राइस यांची. त्यांनी ती नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत अंतराळयानांकडून येणाऱ्या माहितीसाठी बसवली होती.

यातून एक गंमत निघते, ती घरी करून पाहण्यासारखी आहे. लांब ठेवलेला आ-कार आणि 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवरची खरखर यांत अंदाज कशाचा बांधता येईल? आ-काराचा सहज, खरखरीचा मुळीच नाही, कारण तिला मागचा-पुढचा संबंधच नसतो. म्हणून स्वच्छ रेकॉर्डिंगच्या फाइली छान आक्रसतात आणि खरखरीच्या हटून बसतात. जुनी तबकडी डाव्या-उजव्या कानांत एकसारखीच असते, तेव्हा फ्लॅक दोन्हींतला फरक शून्य लिहून तिथे निम्मे वाचवते. पण उरलेल्या निम्म्यात बरीचशी जागा खरखरच खाते, गवई नव्हे.

मागच्या आवाजावरून पुढचा ओळखण्याची ही पद्धत ज्यांनी रुजवली, त्यांत कानपूरचा एक माणूस आहे आणि आपल्याकडे त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. बिष्णू अटल. जन्म 1933. लखनौला भौतिकशास्त्र, मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिक्षण आणि तिथेच ध्वनिशास्त्राचे अध्यापन. 1961 मध्ये ते अमेरिकेच्या बेल लॅब्समध्ये गेले. तिथे मान्फ्रेड श्रोडर यांच्याबरोबर त्यांनी 1967 मध्ये बोलण्यासाठी हा अंदाजाचा मार्ग मांडला. त्याच सुमारास जपानमध्ये इताकुरा आणि सैतो स्वतंत्रपणे त्याच दिशेला पोहोचले होते. श्रेय त्यांचेही आहे. पण अटल यांचा सुझान हानौअर यांच्यासोबतचा 1971 चा निबंध पाहिला, की थक्क व्हायला होते. अंदाजाच्या नियमातले गुणांक घेतले, तर त्यांतून बोलणाऱ्याच्या कंठापासून ओठांपर्यंतच्या नळीचा आकार काढता येतो, हे त्यांनी दाखवले. म्हणजे 'आ' वरून 'ई' वर जाताना तोंडात जे बदलते, ते त्या मूठभर आकड्यांत उमटते. आपल्याकडे गुरू शिष्याला आ-कार लावताना जबडा सैल सोड, जीभ खाली ठेव म्हणतात. त्या सूचनेमागचे गणित ते हेच.

पुढे 1985 मध्ये अटल आणि श्रोडर यांनी अगदी कमी बिटांत बोलणे पाठवण्याची 'सेल्प' पद्धत मांडली. तेव्हा एका सेकंदाच्या बोलण्यावर प्रक्रिया करायला क्रे-1 या महासंगणकाला 125 सेकंद लागत होते. त्या पद्धतीची पोरेबाळे आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहेत. ठाण्याच्या फलाटावरून 'पोचतोय, कुकर लाव' असा निरोप जातो तो त्यांच्याच खांद्यावरून. एमपी3 चा विषय निघाला की कार्लहाइन्त्स ब्रान्डेनबुर्ग यांचे नाव घेतले जाते, ते योग्यच आहे. पण मोठ्या आवाजाआड लपणारा छोटा आवाज कानाला ऐकू येत नाही, याचा फायदा आवाज आक्रसायला कसा घ्यावा, हे श्रोडर, अटल आणि हॉल यांनी 1979 मध्येच लिहून ठेवले होते. 2003 मध्ये अटल यांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत त्यांच्यासाठी एक पान हवे, असे मला फार वाटते.

स्ट्रीमरच्या खोक्यावर '24 बिट, 192 किलोहर्ट्झ' छापलेले असते, त्याविषयी थोडक्यात. सीडीच्या 16 बिटांत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात 96 डेसिबलचे अंतर बसते. पंखा चालू असलेल्या, रस्त्याकडेच्या खोलीत 40 डेसिबलचा गोंगाट तर असतोच. त्यावर 96 चढवले तर 136, म्हणजे कानाला दुखापत होईल इतका आवाज. 1970 च्या दशकातल्या टेपवरची मैफल घेतली, तर टेपची सळसळ आणि गाणे यांत 60 ते 70 डेसिबलचेच अंतर. 12 बिट पुरे. तीच मैफल 24 बिटांत विकत घेतली, तर जास्तीचे बिट सळसळ अधिक बारकाईने मोजतात. 2007 मध्ये मेयर आणि मोरन यांनी वरच्या दर्जाचे संगीत थेट आणि सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवले. 554 चाचण्यांत बरोबर ओळख 276 वेळा, छापा-काटा केल्यासारखी. 2016 मध्ये जोशुआ रीस यांनी 18 अभ्यास एकत्र केले, तेव्हा बरोबर उत्तरे 52.3 टक्के निघाली. फरक आहे, पण तो एवढाच.

याच्या कितीतरी पट मोठा फरक पत्रलेखकांच्या खोलीत आहे. त्यांनी ती दहा बाय दहाची असल्याचे लिहिले आहे. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. आपल्या दमट, उबदार हवेत आवाज सेकंदाला सुमारे 348 मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींत अर्धी लहर नेमकी मावते ती 57 हर्ट्झला. खोली चौरस, त्यामुळे दुसऱ्या दोन भिंतींचाही आकडा 57. छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्याचा 60. तिन्ही एकाच जागी येऊन बसले, आणि त्यांच्या दुपटी 114 आणि 120 ला. डग्ग्यावर मनगट दाबत सरकवलेली मींड या जागांवरून गेली, की वादकाने न दिलेला घुमारा अचानक फुगतो आणि पुढच्या मात्रेत गायब होतो. पडदे, गाद्या, सतरंजी यांनी टाइल्सवरचा वरच्या पट्टीतला खणखणाट कमी होतो, तोही हवाच. पण 57 हर्ट्झची लहर सहा मीटर लांब असते, तिला पडदा कळतसुद्धा नाही. तिला बाहेर जायला वाट देते ती उघडी खिडकी. मग रस्ता किंवा रेल्वेचे रूळ आत येतात, हा त्रास आहेच.

शक्य असेल तर सगळा सरंजाम हॉलमध्ये हलवावा. दहा बाय सोळाच्या खोलीत लांबीचा आकडा 36 वर उतरतो आणि गर्दी फुटते. ते जमत नसेल तर स्पीकर आधी कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात या सगळ्या लहरी एकदम पेटतात. मग 57 हर्ट्झचा सलग सूर असलेली फाइल स्ट्रीमरवरून हळू आवाजात लावा आणि भिंतीपासून खोलीच्या मध्याकडे सावकाश चालत या. भिंतीला पाठ टेकली की सूर अंगावर येईल, मध्यावर तो जवळजवळ नाहीसा होईल. खुर्ची या दोन्हींच्या मधे ठेवा, त्याच जागी बसून विलंबित एकतालातले एखादे रेकॉर्डिंग लावा आणि डग्गा ऐकत खुर्ची वीत-वीत पुढेमागे करा.