व्यवसायोपचारात खेळाचे स्थान

‘व्यवसायोपचार’ या संज्ञेतील ‘व्यवसाय’ म्हणजे अर्थार्जन नव्हे, तर दैनंदिन जीवनातील हेतुपूर्ण कृती होय. बालकाच्या बाबतीत खेळ हीच प्रमुख कृती ठरते. भारतात या शाखेच्या शिक्षणाचा प्रारंभ कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात केला.

अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ ए. जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात संवेदनांच्या एकात्मीकरणाचा सिद्धान्त विस्ताराने मांडला. स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदूत सुसंगत जुळणी झाल्यास हालचाल व अध्ययन सुकर होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपचारकक्षातील झोपाळा त्यामुळे केवळ करमणुकीचे साधन राहत नाही.

महाराष्ट्रातील पारंपरिक खेळांतही ही क्षमता आढळते. सागरगोट्यांच्या खेळात एक गोटा वर उडवून तो खाली येण्यापूर्वी इतर गोटे उचलावे लागतात. त्यातून दृष्टी व हात यांचा समन्वय, बोटांची पकड आणि वेळेचा अंदाज यांना चालना मिळते. लंगडीत शरीराचा तोल पणाला लागतो. पकड दुर्बल असलेल्या बालकास गोट्यांऐवजी धान्याच्या छोट्या पिशव्या देता येतात.

तथापि, तोच खेळ आज्ञेने करवून घेतल्यास त्याची कवायत होते. ‘खेळ पुरे, अक्षर गिरवून घ्या’ हा पालकांचा आग्रह समजण्याजोगा असला, तरी निवडीचे स्वातंत्र्य, आनंद आणि न संकोचता चुकण्याची मुभा यांतूनच बालक कठीण कृती पुनःपुन्हा करण्यास प्रवृत्त होते. सारांश, उपचाराचे उद्दिष्ट तज्ज्ञाने निश्चित करावे. खेळ मात्र बालकाचाच राहावा.